इतिहासाची जबानी आणि ध्वनिकथा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महाल या जुन्या वस्त्यांतून काळ्या व पिवळ्या मारबतीची, म्हणजे त्या नावाच्या पुतळ्यांची, जी मिरवणूक निघते, ती डोळ्यांनी पाहण्याचा जितका विषय आहे तितकाच कानांनी ऐकण्याचाही आहे. किंबहुना ढोलताशांच्या कल्लोळातून वर उठणारी, गावाची इडापिडा आणि रोगराई सीमेपार घेऊन जाण्याविषयी मारबतीला घातलेली सामुदायिक हाक ज्याने एकदा जवळून ऐकली, त्याला त्या उत्सवाचे छायाचित्र मुके वाटू लागते. त्यामुळे पॉडकास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिकथा तयार करणाऱ्या आजच्या तरुण मंडळींना या मिरवणुकीचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. अशा कथेत आरंभी गर्दीचा नाद येतो, मग तो हळूहळू मंद होत जातो, आणि त्यावर एक धीरगंभीर आवाज श्रोत्याला सांगतो की, काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी बाकाबाई होय, आणि तिच्या द्रोहाचा निषेध म्हणून नागपूरकर दरवर्षी तिचा पुतळा जाळतात. वाक्य लहान असते, आवाज विश्वासार्ह असतो, ढोल पुन्हा वाजू लागतात, आणि एका स्त्रीच्या दीर्घ आयुष्याचा निवाडा दहा-बारा शब्दांत होऊन जातो.

या निवाड्याच्या पद्धतीला माझी हरकत आहे. बाकाबाईचे वकीलपत्र घेण्याचा माझा हेतू नाही, आणि लोकस्मृतीला खोटे पाडण्याची घाई तर मुळीच नाही. परंतु गुंतागुंतीचा इतिहास जेव्हा छापील पानावरून उतरून आवाजात येतो तेव्हा त्याच्या शहानिशेचे जे नियम छपाईने दोनशे वर्षांत घडवले, ते आपोआप त्याच्यासोबत येत नाहीत. ते नव्याने घडवावे लागतात, आणि ते घडवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ती अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली मला दिसत नाही.

बाकाबाईचीच हकीकत पाहू. ती दुसऱ्या रघूजी भोसल्यांची पत्नी. १८१६ साली रघूजींचे निधन झाले तेव्हा गादीवर आलेला परसोजी शरीराने व मनाने दुर्बळ होता, आणि त्याच्या नावाने कारभार कोणी पाहावा यावरून दरबारात तट पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून ज्यांनी आपले आसन स्थिर करून घेतले ते आप्पासाहेब भोसले होते. आणि पुढल्या वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर ज्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली व ज्यांचे नाव आज नागपुरात स्वातंत्र्यासाठी लढलेला राजा म्हणून आदराने घेतले जाते, तेही हेच आप्पासाहेब. मधल्या काळात परसोजीचा खून झाला आणि त्याचा आळ त्यांच्यावरच आला. त्यांची पदच्युती झाल्यावर रघूजींचा अल्पवयीन दौहित्र तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवला गेला, बाकाबाईकडे त्याचे पालकत्व आले, आणि राज्याची खरी सूत्रे मात्र रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हाती गेली. इंग्रजांची सत्ता नागपुरात कोणी आणली, हा प्रश्न एवढ्या तपशिलानंतर विचारला तर त्याचे उत्तर एका नावात देता येणे कठीण आहे.

पुढचा भाग याहून अवघड आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरा रघूजी निपुत्रिक वारला आणि १८५४ साली गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. भोसल्यांच्या पागेतील हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीच्या बाजारात कवडीमोलाने लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले, आणि वाड्यातील सामानाला हात लावाल तर वाड्यालाच आग लावू असे राणीवशातून बजावले गेल्याची नोंद इंग्रज इतिहासकारांनीच करून ठेवली आहे. त्या राणीवशातील वडीलधारी स्त्री म्हणजे बाकाबाई. राज्य परत मिळावे म्हणून राण्यांच्या वतीने अर्जविनंत्या झाल्या. आणि मग अवघ्या तीन वर्षांनी, जून १८५७ मध्ये, नागपूरच्या अनियमित घोडदळातील उठावाचा बेत फसला, त्यातील प्रमुखांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आले, तेव्हा याच वृद्ध बाकाबाईने आपले सारे वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि तिच्या उदाहरणामुळे मराठी जिल्हे राजनिष्ठ राहण्यास मोठे साहाय्य झाले, असे प्रशस्तिपत्र इंपीरियल गॅझेटियरने तिला दिले आहे. या निष्ठेची बूज म्हणून घराण्यातील दत्तकास देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला. १८५८ साली बाकाबाई वारली.

राज्य बुडवणाऱ्यांच्या बाजूने ती का उभी राहिली? सीताबर्डीचा पराभव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला दुसऱ्या पराभवाची धास्ती वाटली असेल. दत्तकाची मंजुरी हे उरलेसुरले एकच ध्येय तिच्यापुढे असेल. आप्पासाहेबांच्या वेळेपासूनचे दरबारी वैर तिच्या मनातून गेले नसेल. किंवा जेंकिन्सच्या काळापासून रेसिडेन्सीच्या छायेत काढलेल्या चाळीस वर्षांनी तिला दुसरा मार्ग सुचूच दिला नसेल. ही सर्वच कारणे संभवनीय आहेत आणि ती एकमेकांना छेद देतातच असेही नाही. ज्या कागदाच्या आधाराने तिला फितूर ठरवले जाते तो कागद इंग्रजांच्या स्तुतीचा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. राज्यकर्ते ज्याची स्तुती करतात त्याची त्या स्तुतीला संमती असतेच असे नाही.

शिवाय मारबत ही प्रथा बाकाबाईच्या आधीची असावी असे मानण्यास जागा आहे. विदर्भातील खेड्यापाड्यांत पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवतात आणि दुसऱ्या सकाळी त्या उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. रोगराई हाकलण्याची ती हाकही तशीच असते, पण तेथे कोणी कोणत्याही राणीचे नाव घेत नाही. नागपुरातील काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगितली जाते, म्हणजे बाकाबाईच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांची. माझी अशी धारणा आहे की, एका जुन्या कृषिविधीवर शहराने आपल्या अपमानाचे नाव लिहिले. राज्य गेले, पागा लिलावात गेली, उठाव फसला, आणि या साऱ्या दुःखाला जाळण्याजोगा एक देह हवा होता, तो त्या मृत स्त्रीचा मिळाला. हत्यार उचलणारा आणि हरणारा पुरुष वीर ठरला व हत्यार न उचलणारी विधवा डाकीण ठरली, यातही त्या काळच्या समाजाची काही ओळख आहे. ध्वनिकथा करणाऱ्याने ही माझी धारणा सत्य म्हणून सांगावी असे मी म्हणणार नाही. मात्र मारबतीला अर्थांचे एकापेक्षा अधिक थर आहेत, एवढे तरी श्रोत्याच्या कानी पडले पाहिजे.

येथे माध्यमाच्या स्वभावाचा प्रश्न येतो. पुस्तक वाचणारा वाचक थांबू शकतो, मागचे पान उलटू शकतो, तळटीप पाहून लेखकाचा आधार किती पक्का आहे याचा अंदाज घेऊ शकतो. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ वाचताना आपण लेखकाशी मनातल्या मनात वाद घालू शकतो. श्रोत्याला ही सवड नसते. तो स्वयंपाक करीत असतो, बर्डीवरून घरी जाणाऱ्या बसमध्ये उभा असतो, डोळे मिटून पडलेला असतो. कथा त्याच्या पुढे चालत राहते आणि तिच्या वेगाने त्याला चालावे लागते. ध्वनिकथेचे कर्ते पुष्कळदा सांगतात की, आमचे सर्व आधार आम्ही लेखी स्वरूपात सोबत दिलेले आहेत, ज्याला हवे त्याने पाहावेत. हे उत्तर मला अपुरे वाटते. जी शंका ऐकू आली नाही ती श्रोत्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. म्हणून कोण म्हणतो, केव्हा म्हणतो, कोणाच्या पदरी असताना म्हणतो, आणि त्याच्या उलट कोण म्हणतो, हे सारे मूळ निवेदनातच, मुख्य आवाजातच आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘इंग्रजांच्या गॅझेटियरने तिची स्तुती केली आणि पुढे नागपूरकरांनी तिचा पुतळा जाळला’ असे म्हणण्याने कथा रेंगाळत नाही. उलट ती खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होते.

संपादनाच्या मेजावर काय घडते ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, इतवारीतील एखादी वयोवृद्ध बाई ध्वनिमुद्रणात म्हणते, ‘आमची आजी सांगत जाये, तिनं तिच्या सासूपासून आयकलं होतं म्हने, का बाकाबाईनं इंग्रजाले साथ देल्ली.’ हे वाक्य बोलताना ती दोनदा थांबते, ‘सासूपासून’ म्हणण्याआधी आठवून पाहते, आणि शेवटी तिचा स्वर किंचित खाली येतो. संपादकाला वेळेची टंचाई असते. तो पडद्यावरील आवाजाच्या रेषेत आजीचा भाग निवडतो, सासूचा भाग निवडतो, मधले दोन श्वास निवडतो आणि कापून टाकतो. उरते ते इतकेच: ‘बाकाबाईनं इंग्रजाले साथ देल्ली.’ प्रत्येक शब्द त्या बाईचाच आहे, आवाजही तिचाच आहे, खोटे असे काहीही घातलेले नाही. तरीही तीन पिढ्यांच्या साखळीतून आलेली ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष साक्षीची जबानी होऊन बाहेर पडली. न्यायालयात ज्या पुराव्याला ऐकीव म्हणून बाजूला ठेवले जाईल, तो येथे पंधरा सेकंदांच्या बचतीसाठी शिक्कामोर्तब होऊन श्रोत्यापर्यंत जातो. या साखळीच्या कड्या तोडण्याचा अधिकार संपादकाला नाही, असे मी म्हणतो. वेळ वाचवायचा असेल तर ढोलांचा नाद पंधरा सेकंद कमी करावा.

आणि ऐकीव म्हणजे निरुपयोगी असेही नव्हे. इटलीतील तेर्नी या पोलादी कारखान्यांच्या गावात १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पुढे आलेस्सान्द्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील कामगारांच्या आठवणी मुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाला असे मनापासून सांगितले. पोर्तेल्लीने ही चूक दुरुस्त करून फेकून दिली नाही आणि ती खरी म्हणून स्वीकारलीही नाही. आपल्या मित्राचा मृत्यू आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढ्याशी जोडला जावा, ही त्या कामगारांची गरज होती, आणि त्या गरजेचा इतिहास हाही इतिहासच आहे, असे त्याने दाखवून दिले. बाकाबाईच्या बाबतीत नागपूरने काय केले याचा विचार त्याच दिशेने व्हावयास हवा. तारखेचा कागद आणि लोकांची आठवण या दोन्हींना एकाच कथेत, एकमेकांच्या शेजारी, वेगवेगळ्या आवाजांत बसवता येणे हे ध्वनिमाध्यमाचे असे सामर्थ्य आहे की जे छापील पानाला नाही. ते सामर्थ्य असताना आपण एकाच निवेदकाच्या भरदार आवाजात सर्व काही का गुंडाळतो, हे मला समजत नाही.

दुसरा धडा नागपूरच्या भोसल्यांनीच, पण नागपूरच्या बाहेर घालून दिला आहे. पहिल्या रघूजींचा पराक्रम हा आमच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असावा. परंतु १७४२ पासून भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे स्वतः रघूजींच्या नेतृत्वाखाली बंगालवर ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांची आठवण बंगाली मातांनी अंगाईगीतात जपली आहे. मूल झोपले, पाडा निजला आणि बर्गी, म्हणजे आपले बारगीर, देशात आले, आता सारा कोठून द्यायचा, अशा आशयाचे ते गीत आजही तेथे घरोघरी गायले जाते. त्या स्वाऱ्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला आणि त्याला मराठ्यांचेच नाव पडले. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात तर दोन्ही बाजू एकाच कथेत येतात: प्रथम लोकांच्या पापाचे शासन म्हणून शिवाच्या आज्ञेने मराठे बंगालवर धाडले जातात, आणि मग त्यांनी गोरगरिबांवर व स्त्रियांवर केलेला अत्याचार पाहून देवीच त्यांच्यावर उलटते आणि १७४४ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या भेटीस गेलेला भास्करराम मारला जातो. १७५१ च्या तहाने बारा लाखांची चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आला. तेथे मात्र आठवण वेगळी आहे. जगन्नाथपुरीच्या मंदिराची व्यवस्था मराठ्यांच्या अमलात लागली, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आणून उभा केला गेला तो याच काळात, आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे जाईपर्यंत यात्रेकरूंचा आणि मंदिराचा संबंध नागपूरच्या दरबाराशी राहिला. एकच सत्ता, एकच घराणे, बहुधा तेच घोडेस्वार. बंगालातील वर्धमानच्या पाळण्यापाशी त्यांचे नाव भीतीचे आणि पुरीच्या देवळापाशी कृतज्ञतेचे.

रघूजींवरच्या ध्वनिकथेत शिंगे आणि नौबती वाजवणे सोपे आहे. त्या नौबतीनंतर ती अंगाई ऐकवावी, एखाद्या बंगाली आजीच्या आवाजात, अनुवादाची घाई न करता, आणि तिच्यावर निवेदकाने लगेच समर्थनाचे पांघरूण घालू नये, एवढे धैर्य ज्याच्यापाशी असेल त्याने या विषयाला हात घालावा. त्याने रघूजींचे मोठेपण उणावत नाही. ज्यांना आपल्या पूर्वजांची दुसऱ्याच्या घरातील आठवण ऐकवत नाही, त्यांचा अभिमान मला ठिसूळ वाटतो. आपल्या घरच्या साधनांकडेही याच सावधपणाने पाहावे लागते: काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली नागपूरकर भोसल्यांची बखर ही जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली गेली, त्यामुळे तिच्यातील एखादा उतारा ‘आपल्या माणसाची साक्ष’ म्हणून वाचताना, ती साक्ष कोणाच्या कचेरीत नोंदवली गेली हेही त्याच श्वासात सांगावयास हवे.

नाट्यीकरणाविषयी माझे मत कडक आहे. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे प्रसारण १९४८ च्या जुलैत सुरू झाले आणि त्या पिढीने ऐकलेल्या श्रुतिका व नभोनाट्ये ही मराठी मनाची मोलाची ठेव आहे. पण श्रुतिका ऐकणाऱ्याला ती श्रुतिका असल्याचे माहीत असे, आरंभी लेखकाचे व कलावंतांचे नाव घोषित होत असे. आजच्या ध्वनिकथेत प्रत्यक्ष मुलाखत, जुना कागद आणि नटाचा आवाज हे एकाच प्रवाहात वाहतात. आता तर यंत्राकरवी कोणाचाही आवाज निर्माण करता येतो. बाकाबाईचा आवाज कोणी ऐकलेला नाही. तिच्या तोंडी वाक्य घालून ते थरथरत्या, कपटी किंवा करुण स्वरात उच्चारताना यांपैकी कोणताही स्वर निवडला की खटल्याचा निकाल लागलाच. कागद वाचावयाचा असेल तर तो निवेदकाने स्वतःच्या आवाजात, कागद म्हणून वाचावा.

आणि आता ज्या इतिहासाचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत त्याकडे वळतो, कारण खरी कसोटी तेथे आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि मॉरिस कॉलेजजवळच्या चौकात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. गुरे राखणाऱ्या या समाजाची माणसे विदर्भाच्या खेड्यांतून, लेकरे कडेवर घेऊन, सरकारला आपले म्हणणे ऐकवायला आली होती. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांच्या आयोगाने चौकशी केली, झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव दिले गेले.

या घटनेवर ध्वनिकथा करणाऱ्याने ती कोठे संपवावी? १९९५ साली या समाजाला विशेष मागास प्रवर्गात स्थान मिळाले, तेथे थांबले तर कथा बलिदानाच्या अंशतः फळाची होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हेच यादीतील गोंड गोवारी होत असा निर्णय दिला, तेथे थांबले तर ती विजयाची होते. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला, तेथे थांबले तर ती शोकांतिका होते. यांपैकी प्रत्येक शेवट खरा आहे आणि प्रत्येक शेवट निवडलेला आहे. या दाव्याला विरोध करणारेही आदिवासी समाजच आहेत, त्यांच्या हक्काच्या सवलतींचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तितकाच जीवनमरणाचा आहे, हे सांगितल्याशिवाय न्यायालयांचे दोन विरुद्ध निर्णय श्रोत्याला केवळ लहर वाटतील. मृतांविषयीची करुणा आणि कायद्याच्या प्रश्नाविषयीचा विवेक या दोन गोष्टी एका कथेत मावत नाहीत असे समजून जो कर्ता दुसरी गोष्ट गाळतो, तो श्रोत्याला लहान मुलाप्रमाणे वागवतो.

एक गोष्ट मात्र कोणीही, कोणत्याही सबबीवर करू नये: त्या दिवसाच्या किंकाळ्या दुसरीकडून आणून कथेत घालू नयेत. तयार ध्वनींच्या संग्रहातून गर्दीचा आक्रोश उचलून त्या ११४ माणसांच्या नावावर लावणे हे मला अक्षम्य वाटते. जी आई त्या चौकातून एकटी परत गेली ती जिवंत असेल तर ती हे ऐकणार आहे. तिची जबानी घेतानाही तिने एकदा सांगितलेले पुन्हा सांगायला लावू नये, ‘तो क्षण आठवून सांगा आजी’ असा आग्रह धरून तिला रडवू नये, आणि तिने नंतर निरोप पाठवला की हे एवढे ऐकवू नका, तर प्रसारणाची वेळ कितीही जवळ आलेली असो, ते काढून टाकावे.

भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत, ग्रियर्सन यांच्या कामाला जोड म्हणून अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या सरकारने तयार करवल्या आणि आज त्या शिकागो विद्यापीठाच्या संग्रहामुळे कोणालाही ऐकता येतात. त्यांतील पुष्कळ बोलणाऱ्यांना बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट आपापल्या बोलीत सांगावयास लावली होती. बोलींची तुलना करण्यासाठी ते सोयीचे होते. पण शंभर वर्षांपूर्वीचा तो माणूस त्याच्या गावाविषयी, त्याच्या पिकाविषयी, त्याच्या सावकाराविषयी काय म्हणाला असता ते त्या तबकडीत नाही, कारण ते त्याला विचारले गेले नव्हते. आकाशवाणीच्या काळात फिती महाग होत्या आणि जगभरच्या रेडिओ केंद्रांत त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. आज आवाज साठवून ठेवण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही ध्वनिकथा प्रसिद्ध झाली की मूळ मुद्रणाचे तीन-तीन तास कर्त्याच्या संगणकात पडून राहतात आणि संगणक बदलला की नाहीसे होतात. प्रसिद्ध झालेली वीस मिनिटे ही त्या कर्त्याची निवड असते. उद्या दुसऱ्या कोणाला ती निवड तपासून पाहावीशी वाटली तर त्याच्यापाशी काहीही उरलेले नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि १९३४ पासून या प्रांताच्या इतिहासाची सेवा करीत आलेले विदर्भ संशोधन मंडळ, यांनी मिळून ध्वनिसाक्षींचे एक दफ्तर उघडावे आणि त्याचा आरंभ गोवारी मोर्चातून परतलेल्यांच्या जबान्यांपासून करावा, कारण १९९४ साली जे ऐन उमेदीत होते ते आता साठी-सत्तरीला आलेले आहेत. त्याच दफ्तरात त्या दिवशी बंदोबस्तावर असलेल्या शिपायांच्या, मेयो आणि मेडिकल या रुग्णालयांत त्या वेळी काम करणाऱ्यांच्या आणि गोवारींच्या दाव्याला विरोध करणाऱ्या आदिवासी कार्यकर्त्यांच्याही जबान्या असाव्यात. प्रत्येक मुद्रण न कापता, मुलाखतकाराच्या प्रश्नांसकट ठेवावे. बोलणाऱ्याचे नाव जाहीर करावे की झाकावे, आणि किती वर्षांनी खुले करावे, हे त्याचे त्याने ठरवावे व तसे त्याच्या बोलीतच मुद्रित करून घ्यावे. एक प्रत त्याच्या घरी द्यावी. जो कोणी सार्वजनिक पैशाने अथवा सार्वजनिक संस्थेच्या साहाय्याने या शहराच्या इतिहासावर ध्वनिकथा तयार करील, त्याने आपली मूळ मुद्रणे या दफ्तरात जमा करणे बंधनकारक असावे. या कामाला मोठी इमारत लागत नाही, एक खोली आणि मोडीपासून मोबाइलपर्यंत सर्व प्रकारच्या साधनांविषयी आस्था असलेला एक दफ्तरदार पुरेसा आहे, आणि येत्या हिवाळी अधिवेशनात त्याच्या पगाराची तरतूद करून घेणे नागपूरच्या आमदारांना अशक्य नाही.